घ्यायचं नाही असं नाव

राहीबाई वारली तेव्हा तिच्या सुनेला, सुलाबाईला, चौथा महिना होता. सुला भरपूर रडली. त्यातलं रडू किती आणि ओकारी आवरणं किती, हे गल्लीतल्या बायकांना नीट कळलं नाही. त्यांनी सगळं दुःखातच धरलं आणि एकमेकींना म्हणाल्या, "सून असावी तर अशी."

राहीबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. मलकापूरच्या अलीकडं नदीकाठाला त्यांचा ऊस होता. राहीबाई बांधावर उभी राहून "आवंऽऽ" म्हणाली की तिचा नवरा नाथाजी तर वळायचाच, पण आजूबाजूच्या चार मळ्यांतले गडीही आपापली पापं आठवून वळायचे. सुलाला तिनं चार वर्षांत एरवी नावानं हाक अशी मारलीच नाही. सकाळी भवाने, दुपारी टवळे, आणि संध्याकाळी थकल्यामुळं नुसतंच "ए". सुलाचा नवरा मानसिंग पलटणीत होता, तो रजेवर आला की तेवढे पंधरा दिवस "सुलाबाय" व्हायचं. मग तो जायचा आणि भवानी परत यायची.

बाराव्याचे पाहुणे गेले त्या दुपारी नाथाजीनं गुळाची ढेप स्वतःच्या हातानं फोडली, ओसरीवर बसून चाखत चाखत खाल्ली आणि तिथंच आडवा होऊन दिवेलागणीपर्यंत झोपला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गल्लीला वाटलं, म्हातारा खचला.

सुलाचे पुढचे पाच महिने तसे सुखात गेले. पोटातल्याशी ती बोलत बसायची. मुलगा झाला तर नाव काय ठेवायचं ते मानसिंग पलटणीतून कळवणार होता, पण मुलगी झाली तर काय, हे तिनं मनाशी केव्हाच ठरवलं होतं. नलिनी.

हे नाव तिनं कऱ्हाडच्या बाजारात मिळवलं होतं. तिथल्या मुलींच्या शाळेत एक बाई होत्या, नलिनीबाई. पांढरं पातळ, पायात चपला, काखेत छत्री. एका टांगेवाल्यानं त्यांच्या अंगावर चिखल उडवला तेव्हा बाईंनी छत्रीचं टोक त्याच्या घोड्याला नव्हे, थेट त्याला दाखवलं होतं. आणि मिशीवाला, पान चघळणारा, एवढा थोरला टांगेवाला "चुकलं बाई" म्हणाला होता. सुला हातात वांग्याची पिशवी धरून बघतच राहिली. पुरुषमाणूस चुकलं म्हणतो, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून तिला वाटायचं, हा त्या नावाचाच गुण असणार.

चैत्रात मुलगी झाली. सुलाला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पोरगी गुबगुबीत, केसाळ कानांची, आणि कपाळाला आठी घेऊनच आलेली. सुला तासन्‌तास त्या आठीवर बोट फिरवायची. बोट होतं तोवर आठी जायची, बोट काढलं की परत यायची. ह्या खेळात तिचं दूध उतू जायचं आणि चुलीवरचंही.

बाराव्या दिवशी शिराळ्याहून चंद्राबाई आली. चंद्राबाई म्हणजे मानसिंगची थोरली बहीण. आली ती पायसुद्धा न धुता पाळण्यापाशी गेली, वाकली आणि किंचाळली.

"आबा! आवं आबा! आई आलीया!"

नाथाजीच्या हातातला तांब्या निसटला. "कुठं?" म्हणून त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग परसाकडं.

"आवं हितं, पाळन्यात! ही आटी बगा. ही हनुवटी बगा. माजी आई पोटाला आलीया!"

"बारक्या पोरास्नी आटी आसतीयाच," नाथाजी घाईघाईनं म्हणाला. "तुला बी हुती."

"मला हुती कारन मी तिची लेक हाय."

तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. ते पसरलं ते असं, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. चंद्राबाईनं डोळे पुसले. "आता सांगा. ह्यो आवाज कुनाचा?"

नाथाजी खाली बसला.

सुलानं पदर सावरला. बाळंतिणीनं फार बोलू नये, पण आता बोलली नाही तर कधी? "वन्सं, मी म्हनत हुते, नलिनी ठिवूया का?"

"काय?"

"नलिनी."

"म्हंजी काय?"

"कमळ."

"मग कमळी म्हन की सरळ. आन् ही काय तळ्यात उगवलीया? चार दिसांत लोकं नळी करतील तिची." चंद्राबाईनं विषय संपवला. "राही ठिवायचं. आईचं नाव आईला."

शेजारची तानुबाई सुपात गहू निवडत बसली होती. तिला कुठल्याही बोलण्यात खडा सापडला नाही तर चैन पडत नसे. "चंद्रे, पर राही म्हंजी तरी काय गं?"

"इठोबाची रानी हाय ती. रखमाबाईच्या जोडीला आसती. माज्या आज्ज्यानं थोरल्या लेकीचं नाव रखमा ठिवलं, धाकटीचं राही. द्येवाच्या दोनी रान्या एका घरात."

"आन् तुजा मामा?"

"त्येचं इठोबा."

तानुबाईनं सूप थांबवलं. बोटावर काहीतरी जुळवून बघितलं. "म्हंजी भाऊच की गं भनींचा नवरा झाला!"

"तानुकाकू, गहू निवडा."

नाव ठेवणं हा आत्याचा मान. त्यापुढं आईचं काही चालत नाही, आणि आईचं नाव लेकीला द्यायला निघालेल्या आत्यापुढं तर देवाचंही चालायचं नाही. चंद्राबाईनं पाळण्यात डोकं घातलं, पोरीच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या. रीतीपेक्षा दोनचार जास्तच पडल्या. त्यांतली एक बाळंतिणीची होती, असं तानुबाई पुढं कितीतरी दिवस सांगायची.

निघताना चंद्राबाईनं सुलाला जवळ घेतलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बजावलं, "आन् ऐक. ह्या नावाबिगर दुसरं नाव लावायचं न्हाई. बबी न्हाई, छबी न्हाई, तुजं ते कमळ तर न्हाईच. लावलंस तर पोरगी दूध टाकंल. आईला दुसऱ्या नावानं बोलीवल्यालं खपायचं न्हाई."

बारा दिवसांच्या आईला एवढी धमकी पुष्कळ होते. सुलानं मान हलवली.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी सकाळी ध्यानात आला. सुला पीठ मळत होती. पाळण्यातून कुरकुर ऐकू आली. हात पिठाचे, म्हणून तिनं बसल्या जागेवरून हाक मारायला तोंड उघडलं. "रा..." आणि जीभ तिथंच थांबली.

सून सासूचं नाव घेत नाही. कुठलीच सून घेत नाही. सुला तर ह्या घरात आल्यापासून भात राहिला असंसुद्धा म्हणायची नाही, भात उरला म्हणायची. चार वर्षं राखलेलं तोंड एका सकाळी कसं सुटणार? तिनं नाथाजीकडं बघितलं. "मामा, पोरगीला वाईच हाक मारा की."

नाथाजीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बायकोचं नाव त्यानं तरी कधी घेतलं होतं? चाळीस वर्षं "आगं ए"वर संसार झालेला. शिवाय त्याच्या मनात वेगळीच भीती होती. नाव घेतलं आणि ती खरंच "काय हाय?" म्हणून उठली तर?

तर असं झालं. घरात माणसं दोन, आणि पोरीला ठेवलेलं नाव दोघांनाही घ्यायचं नाही. तिसरा मानसिंग, तो तिकडं लढाईवर, इटलीत. सुला चौथी शिकलेली होती, तिनं पत्र लिहिलं. पण नाव लिहायलाही हात उचलेना, म्हणून लिहिलं, "मुलीस आपल्या मातोश्रींचे नाव ठेवले आहे." दोन महिन्यांनी उत्तर आलं, "नाव कळून आनंद झाला. पोरीस आशीर्वाद." पुढच्या प्रत्येक पत्रात पोरीस आशीर्वाद, पोरीची तब्येत, पोरीस दात आले काय. आपल्या आईला नावानं कोण हाक मारतं?

पोरगी वाढत गेली ती बिननावाची. नाथाजी म्हणायचा "ए पोरी". सुला म्हणायची "अगं बाई". तानुबाई म्हणायची "ए बये". पोरीनं ह्यातून आपल्यापुरता एक नियम काढला. "ए" ऐकू आलं की ते आपल्यालाच. म्हशीला हाक मारली तरी ही "ओ" द्यायची. रस्त्यानं कुणी कुणाला "ए" केलं की ही उंबऱ्याबाहेर.

दुपारी घर निवांत असायचं. पोरीला पाजताना सुला तिच्या कानाशी तोंड न्यायची. कानामागं दुधाचा, घामाचा, शेकशेगडीच्या धुराचा वास यायचा. ओठावर नलिनी यायचं. मग ते दूध टाकण्याचं आठवायचं, आणि ती नुसताच श्वास सोडायची. पोरगी गुदगुल्या होऊन हसायची. जगात एवढी नावं, कुत्र्याला मोत्या आहे, बैलाला सर्ज्या आहे, आणि मी माझ्या पोटच्या गोळ्याला मोठ्यानं हाक मारीन म्हटलं तर मला एक नाव नाही. ह्या विचारानं तिला कधी रडू यायचं, तर कधी असा संताप यायचा, की सासू जिवंत असती तर बरं झालं असतं. निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

लढाई संपली. मानसिंग सुखरूप असल्याचं पत्र आलं. त्याच्यासाठी औंधच्या यमाईला नवस बोललेला होता, तो फेडायला पौषाच्या जत्रेला जायचं ठरलं. नाथाजी, सुला, पावणेदोन वर्षांची पोरगी आणि जत्रा म्हटल्यावर राहवत नाही म्हणून तानुबाई, अशी गाडी निघाली. चंद्राबाई शिराळ्याहून परस्पर येणार होती.

देवीचं दर्शन झालं, ओटी भरली. डोंगर उतरून खाली आल्यावर सुला बांगड्या भरायला बसली. कासारानं तिचा हात दाबून धरला होता, पोरगी तिच्या मांडीला टेकून उभी होती. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी आपल्या लेकीला हाक मारली, "ए पोरीऽ!"

पोरगी गेली.

सुलानं वळून बघितलं तेव्हा मांडीपाशी नुसती उबच होती. तिनं हात हिसडला. दोन बांगड्या फुटल्या, कासार "ओ बाई" म्हणाला, तोवर ती दहा पावलं पुढं गेली होती. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि ओरडली, "अगं बाईऽऽ!"

चाळीस बायकांनी वळून बघितलं.

नाथाजी धावत आला. त्यानं बेंबीच्या देठापासून हाक घातली, "ए पोरीऽऽ!" पंचवीस पोरी वळल्या. त्यांतल्या दोघी तर जवळ येऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या अंगाला तंबूतल्या सिनेमाची कनात होती. तिच्यापुढं एका खोक्यावर सिद्धू नावाचा माणूस उभा राहून पत्र्याच्या भोंग्यातून खेळाची आरोळी देत होता. गळ्यात तांबडा रुमाल, केसांना तेल, आणि आवाज असा की पलीकडचा रहाटपाळणा थांबावा. सुला त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "दादा, माजी दोन वर्सांची लेक चुकलीया, तांबडं झबलं हाय. वाईच भोंग्यातनं पुकारा."

माणूस भला होता. त्यानं लगेच आरोळी दिली, "पोरगी चुकलीया हो! दोन वर्सांची, तांबडं झबलं! कुनाला घावली तर सिनेमाच्या तंबूपाशी आना हो!" थोड्या वेळात लोकांनी तांबड्या झबल्याच्या तीन पोरी आणून उभ्या केल्या. एकीची आई मागून शिव्या देत आली. एक तर पोरगा निघाला.

"बाई, असं जमायचं न्हाई," सिद्धू म्हणाला. "लेकीचं नाव काय?"

सुलानं पदर तोंडाशी धरला.

"नाव, नाव. नाव सांगा."

"त्ये... घ्यायचं नसतं."

सिद्धूनं भोंगा खाली घेतला. "लेकीचं नाव घ्यायचं नसतं? ह्यो कुटला कायदा?"

"माज्या सासूचं, आत्याबाईंचं हाय त्ये."

सिद्धू नाथाजीकडं वळला. "आजोबा, तुमी सांगा."

नाथाजीनं पागोटं नीट केलं. "कुटुंबाचं नाव हाय माज्या. न्हाई घेत मी."

"हरवलंय काय? पोरगी का कुटुंब?"

"पोरगी."

"मग कुटुंब कुठं हाय?"

"वारलं."

"मग त्ये काय म्हननार हाय तुमास्नी?"

"तुमी वळखत न्हाई तिला," नाथाजी म्हणाला.

एव्हाना गर्दी जमली होती. फुकट खेळ कुणाला नको असतो? सुलानं हात जोडले. "नाव असं नगा इचारू. मी खून सांगते. इठोबाच्या शेजारी आसती ती."

"पुंडलिक!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आरं बाईमानूस!"

"रुक्मिनी!"

"तिच्या पल्याडची."

"सत्यभामा!"

"जनाबाई!"

"आरं बाईला उखाना घिऊ द्या! उखान्यात चालतंय नाव!"

"सासूचा उखाना? नवऱ्याचा आसतोय येड्या!"

लोक हसत होते. सुलाचं लक्ष त्यांच्या डोक्यांवरून पलीकडं गेलं. तिकडं तळं होतं. तळ्याच्या पायऱ्यांवर बायका पाय धूत होत्या, पोरं पाण्यात खडे टाकत होती, आणि पावणेदोन वर्षांच्या पोरीला खडे टाकायला फार आवडतात हे सुलाइतकं ह्या जगात कुणालाही माहीत नव्हतं.

तिनं सिद्धूच्या हातातला भोंगा हिसकून घेतला. खोक्यावर चढली. पदर खांद्यावर गेला तो गेलाच.

"राहेऽऽऽ!"

जत्रेच्या ह्या टोकाचा आवाज त्या टोकाला जाऊन परत आला. आणि एकदा तोंड फुटल्यावर मागं जे चार वर्षं साठलं होतं, ते सगळं त्या पत्र्यातून बाहेर पडलं. "राहे! ए भवाने! टवळे! कुठं तडमडलीस गं? कुठल्या म्हसनात जाऊन बसलीस? फुडं ये आदी! ये, तंगडं मोडून हातात द्येते तुज्या! राहेऽऽऽ!"

हसणारी गर्दी दोन पावलं मागं सरली. नाथाजीनं डोळे मिटून घेतले. नारळाच्या पालापाशी घासाघीस करणाऱ्या तानुबाईच्या हातातून नारळ सुटला आणि ती मटकन खाली बसली. "आरं द्येवा, आता सुलाला कोन शिव्या द्याय लागलंय? का म्हातारीच आलीया?"

बत्ताशाच्या दुकानात, दुकानदाराच्या गोणपाटावर, एक पोरगी दोन्ही गालांत बत्तासे भरून बसली होती. राही म्हणजे कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. बारशाला कानात पडलं ते सोडलं तर ते नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. पण आवाज ऐकलेला होता. ती उठली, लोकांच्या पायांमधून वाट काढत आली आणि खोक्यापुढं उभी राहून वर बघत म्हणाली, "आये, तू वर का चढलीस?"

सुलानं उडी टाकली. पोरीला छातीशी धरलं आणि तिच्या चिकट गालांवर, कानांवर, केसांत तोंड खुपसून म्हणत सुटली, राही, राही, माझी राही, ए राहे, राहुले, राहुबाय. पावणेदोन वर्षांचं सगळं एकदम. पोरीला काही उमजलं नाही. तिनं तोंडातला एक बत्तासा काढून आईच्या तोंडात घातला.

तेवढ्यात गर्दी फाडत चंद्राबाई आली. तिनं सगळं ऐकलं होतं. अर्ध्या औंधानं ऐकलं होतं, ती कशी चुकेल?

"सुले! भर जत्रंत माज्या आईला टवळी म्हनलीस?"

"मी माज्या लेकीला म्हनलं, वन्सं."

"नाव आईचं हाय!"

"ठिवलं कुनी?"

ह्या अंगानं चंद्राबाईनं विचार केलेला नव्हता. ती बापाकडं वळली. "आबा! तुमी ऐकलासा न्हवं? बोला की कायतरी!"

नाथाजी पुढं आला. सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती, पण तो कुणाकडंच बघत नव्हता. तो पोरीपुढं उकिडवा बसला. घसा खाकरला. एकदा मागं, खांद्यावरून, बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "राही."

काही झालं नाही. आभाळ जागच्या जागी होतं. पोरगी बत्तासा चावत होती.

"राही," तो परत म्हणाला, जरा मोठ्यानं. मग चंद्राबाईकडं बघून हसला, जसा ढेप फोडली त्या दुपारी हसला असेल तसा. "चाळीस वर्सांत कवा म्हनलो न्हाई. बरं हाय की गं नाव. त्वांडात बसतंय." आणि थोडं थांबून, "तिला बी बरं वाटलं आसतं, न्हाई?"

ह्यावर चंद्राबाई रडली. खरं रडली, आईच्या बाराव्याला रडली होती त्याहून खरं. मग डोळे पुसून तिनं सुलाला सांगितलं, "नाव घ्यायचं तर घे. पर टवळी तेवढं म्हनू नगंस."

सुला बरं म्हणाली. पण तिनं ते काही फार दिवस पाळलं नाही.

गावात परतल्यावर तिच्या तोंडाला धरबंदच राहिला नाही. "राहे, खरकट्यात हात घालू नगंस! राहे, किती गं बया तुजी थेरं! राहे, गप बसतीस का पाठीत घालू?" सकाळ झाली की हे सुरू. आडावर पाणी भरणाऱ्या बायका घागर कमरेवर घेऊन ऐकत उभ्या राहायच्या. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत जायचं, ते देवळातही कधी पसरलेलं कुणी बघितलं नव्हतं. मेलेल्या सासूला दिवसातून वीस वेळा झापायचं, तेही राजरोस, आणि वर लोकांनी म्हणायचं की सुनेनं सासूचं नाव चालवलं!

ज्यांच्या सासवा गेलेल्या होत्या त्यांनी वाट बघितली नाही. होळीपर्यंत गावात दोन मुली जन्मल्या, एकीचं नाव रंगू, दुसरीचं बनू. दोन्ही वेळा आत्यांनी सुचवायच्या आधी आयांनीच सुचवलं. आत्यांचे डोळे भरून आले. ज्यांच्या सासवा जिवंत होत्या, त्यांची पंचाईत होती. जिवंत माणसाचं नाव घरात लावत नाहीत. तानुबाईची सून धोंडुबाई तेव्हा गरवार होती. ती चुलीपुढं बसून सासूकडं एकटक बघत राहायची. तानुबाईनं त्या महिन्यात दोनदा कऱ्हाडला जाऊन वैद्याला नाडी दाखवली आणि दूध वाढवलं.

पुढं पाचसहा वर्षांनी ह्या मुली शाळेत आल्या, तेव्हा मास्तरांनी हजेरीची नावं वाचून चष्मा पुसला. सगळीकडं कुसुम, मालती, विजया यांची लाट आलेली, आणि ह्या एका गावात रंगू, बनू, राही, सखू. मास्तरांना वाटलं, गावाला वाडवडिलांची केवढी ही ओढ! त्यांनी भर सभेत गावच्या सुनांचं कौतुक केलं. सुनांनी माना खाली घालून ते ऐकून घेतलं. नलिनी मात्र त्या गावात एकही झाली नाही.

सुलाचं म्हणाल, तर तिची मजा फार टिकली नाही. दोन महिने ती सासूला झापत होती. मग कधीतरी, नक्की कधी ते तिलाही सांगता आलं नसतं, राही म्हटलं की डोळ्यांपुढं सासू येईनाशी झाली. शेंबडं नाक, बाजूला गेलेलं झबलं, आणि ती आठी यायची. एकदा तिनं मुद्दाम चुलीपाशी उभं राहून सासूचा चेहरा आठवून बघितला. आठवेना. जरा वाईटसुद्धा वाटलं. मग बाहेरून "आयेऽ" आलं आणि ती "काय गं राहे" करत गेली.

वैशाखात मानसिंग पलटणीतून सुटून आला. दुपारची वेळ. नाथाजी अंगणात दावं वळत बसला होता. मानसिंगनं खांद्यावरची ट्रंक खाली ठेवली, बापाच्या पाया पडला. ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं त्याचा नंबर, आणि तोंड उन्हानं तांब्यासारखं झालेलं. उंबऱ्यात सुला उभी होती, तिच्या मागं लुगड्याच्या निऱ्यांतून एक डोळा बाहेर बघत होता.

"ए," मानसिंग म्हणाला. "ए पोरी. ये की."

डोळा हलला नाही.

"ती आता नुसत्या ए ला येत न्हाई," सुला म्हणाली. "मी मोडलीया ती सवय. नावानं बोलवा."

मानसिंगनं बापाकडं बघितलं. नाथाजी दाव्यात गुंतलेला होता. मानसिंगचे कान लाल झाले. इटलीतल्या डोंगरावर जर्मनांच्या गोळ्यांखाली दोन हिवाळे काढलेला माणूस, पण आईचं नाव घेऊन हाक मारायची म्हटल्यावर त्याचे बूट जमिनीला चिकटले. "ते... तू मार की हाक."

"मी दिसातनं पन्नास येळा मारते. तुमी मारा."

त्यानं टोपी काढली. साहेबापुढं उभं राहावं तसा उभा राहिला, आणि पुटपुटला, "राही."

निऱ्यांमागून पोरगी बाहेर आली. दोन पावलं पुढं येऊन थांबली. बुटांकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं, आणि मग मान वर करून त्याच्याकडं. अलीकडं तिला सगळ्यांची नावं विचारायचा नाद लागला होता. वासराचं नाव काय, मास्तरांचं काय, घोंगडीवाल्याचं काय, घोंगडीचं काय.

"ह्यो कोन?" तिनं आईला विचारलं.

"तुजा बा."

"नाव काय त्येचं?"

मानसिंगनं सुलाकडं बघितलं. तिनं सासऱ्याकडं. नाथाजीला एकाएकी गोठ्यात काहीतरी काम आठवलं. दावं हातात घेऊन तो उठला आणि पाठमोरा चालता झाला, नेहमीपेक्षा जरा भराभरच.

"सांग की आये," राही म्हणाली. "नाव काय?"

सुलानं पदर डोक्यावरून सारखा केला, नवऱ्याकडं सरळ बघितलं आणि लेकीला सांगितलं.